फिलिपिनो मुलांना टॅगलॉग येत नाही, यात दोष कोणाचा?

मीनल_डेलीसिटी

मागच्या आठवड्यात इथे सुहासरावांची पोस्ट आली होती. ऑफिसातल्या फिलिपिनो मित्राकडे बाप्तिस्म्याच्या जेवणाला गेले, तिथल्या एकाही मुलाला टॅगलॉग, म्हणजे फिलिपिन्सची मनिलाकडची भाषा, बोलता येईना, आणि त्यांनी निकाल देऊन टाकला: ‘अमेरिकन व्हायच्या हौसेपायी या लोकांनी भाषा विकून खाल्ली. आपल्या मराठी शाळा शंभर पटींनी बऱ्या.’ शेवटी फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष, लेखक रिझाल याच्या नावाने ती ओळ, की स्वतःच्या भाषेवर प्रेम नसलेला माणूस वास मारणाऱ्या माशापेक्षा वाईट. खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

मी अशाच घरात नांदतेय. सासूबाई फिलिपिन्समधल्या बातांगासच्या, टॅगलॉग मुलखातल्या. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं, त्यानंतर नर्सेसची जी लाट आली त्यातल्या. हौस कसली घेऊन बसलात? त्यांच्याकडे इंग्रजी इथे येऊन सुरू झालेलं नाही. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होता, १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून अमेरिकन मास्तर मनिलात उतरले, तेव्हापासून शाळेत इंग्रजी. सासूबाईंच्या वर्गात टॅगलॉग बोललं की दंड पडायचा. नर्सिंग इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत. इथे आल्यावर माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. रात्रपाळी करून तशीच शाळेत गेलेली बाई, परका देश, समोर शिक्षिका. तिने ऐकलं. तुम्ही काय केलं असतंत?

नवऱ्याला कळतं सगळं. आजीची बोलणी, स्वयंपाकघरातल्या चुगल्या, सगळं. बोलायला गेला की अडकतो, कारण टॅगलॉगचं क्रियापद पुढून, मधून आणि मागून असं तिन्हीकडून बदलतं. चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही बातांगासला गेलो होतो. टेबलावर लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, मांडलेलं, हा उठला आणि म्हणाला, ‘काकाइनिन आको’. म्हणायचं होतं ‘काकाइन आको’, मी जेवणार. झालं उलटंच, मला कोणीतरी खाणार. अख्खं टेबल हसलं, एक मामा उठून त्याच्या दंडाला चावायला आला. मग मुक्काम संपेपर्यंत त्याला त्याच नावाने हाका. त्यानंतर तो तिथे एक वाक्य टॅगलॉगमध्ये बोलला नाही. इथली मुलं गप्प होतात ती अशी. त्यांना नालायक ठरवण्याआधी कोणी हे विचारलंय का?

सुहास_फ्रिमाँट

पोस्ट माझी, तेव्हा उत्तरही मीच देतो. मीनलताई, तुमच्या सासूबाईंबद्दल आदर आहे. पण रात्रपाळ्या काय त्यांनीच केल्या? माझी बायको लॅबमध्ये रात्रपाळी करते. तरी आमच्या घरात नियम एकच, दारात चपला काढल्या की मराठी. मुलीने इंग्रजीत पाणी मागितलं तर ओ देत नाही आम्ही. मराठी शाळा चार घरांनी मिळून एका गॅरेजमध्ये सुरू केली, घडीच्या खुर्च्या टाकून. आज तिथे बीएमएमचा, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचा, अभ्यासक्रम चालतो.

अमेरिकेत टॅगलॉग बोलणारे १७ लाखांच्या घरात आहेत. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि मग त्यांचाच नंबर. आपण त्यांच्यापुढे मूठभर. लॉस एंजेलिस काउंटीत मतपत्रिका टॅगलॉगमध्ये मिळते, १९९४ पासून त्यांचं स्वतःचं चॅनल घराघरात लागतं. एवढी माणसं, एवढी सोय, आणि नातवाला आजीशी धड बोलता येत नाही? परिस्थितीचं कारण सगळ्यांनाच पुरतं. ठरवलं असतं तर झालं असतं.

पक्या_दुबई

सुहासराव, नुसतं ठरवून काही होत नाही. इथे दुबईच्या सतवा-करामा वस्त्यांत संध्याकाळी चक्कर मारा, फिलिपिनो पोरं टॅगलॉगमध्येच भांडताना दिसतील. त्यांचे आईबाप काही जास्त संस्कारी नाहीत. इथे नागरिकत्व मिळत नाही, आज ना उद्या परत जायचंय हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून फिलिपिन्सच्या अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि तिथे फिलिपिनो हा विषय आहेच. कित्येकांची मुलं तर तिकडेच आजीआजोबांकडे. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई रोज दुपारी डबा खाताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते आणि इलोइलोतल्या मुलाचा गृहपाठ घेते. चमचा एका हातात, दुसऱ्या हाताने पोराला दटावणं. सगळं टॅगलॉगमध्ये. अमेरिकेत परतीचा विषयच संपतो, तिथे भाषा कशाच्या जोरावर टिकणार?

सुहास_फ्रिमाँट

मग दुबईतल्या मराठी पोरांचं काय? त्यांनाही परतच जायचंय. माझ्या मेव्हण्याची मुलं तिथेच वाढली, आपापसात हिंदी आणि इंग्रजी. तुमचं गणित आपल्याच लोकांना लागू होत नाही.

खानदेशी_हेवर्ड

पक्याभाऊ, इलोइलोची बाई पोराशी टॅगलॉग कशाला बोलेल? ती तिकडची हिलिगायनॉन भाषा बोलत असणार. शेजारच्या टेबलावर रोज ऐकून तुम्हाला फरक कळला नाही, यात तुमचा दोष नाही. सगळे फिलिपिनो म्हणजे टॅगलॉग, हे आपणच धरून चाललोय. या धाग्याचा पायाच चुकलाय.

माझा इथला जुना रूममेट सेबूचा. त्याच्यासमोर टॅगलॉगला ‘तुझी मातृभाषा’ म्हणून बघा, मान फिरवून निघून जाईल. १९८० च्या आसपासपर्यंत त्या देशात घरी सेबुआनो बोलणारे टॅगलॉगवाल्यांपेक्षा जास्त होते. तरी १९३७ साली राष्ट्राध्यक्ष केसॉनने राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टॅगलॉग ठरवली. पुढे तिला पिलिपिनो म्हणाले, १९८७ च्या घटनेत ती फिलिपिनो झाली. नाव बदललं, गाभा मनिलाचाच. मनिलाच्या टीव्हीवर बिसाया, म्हणजे सेबूकडच्या, ढंगात कोण बोलतं, तर मोलकरीण. हवाईत १९०६ पासून ऊसमळ्यात राबायला गेले ते बहुतेक इलोकानो, म्हणजे उत्तरेकडचे, वेगळ्या भाषेचे. १९६५ चा कॅलिफोर्नियातल्या डेलॅनोचा द्राक्षमळ्यांचा संप ज्याने उभा केला, तो लॅरी इटलिऑंगही इलोकानोच. आता आई बिसाया आणि बाप इलोकानो असेल तर पोराने घरात कोणती भाषा शिकायची? ते इंग्रजीवर येतात, आणि वरून टॅगलॉग येत नाही म्हणून शिव्या खातात.

हे मला एवढं का लागतंय ते सांगतो. माझी आई शेवटपर्यंत अहिराणी बोलली. पाचवीत तालुक्याच्या शाळेत गेलो, वर्गात ‘मना’ म्हणालो तर मास्तरांनी फळ्याजवळ उभं करून पोरांकडून ‘माझा, माझी, माझे’ म्हणवून घेतलं. आणि इथे, कॅलिफोर्नियात, एका मराठी शाळेत माझी मुलगी आजीकडून उचललेलं एक वाक्य बोलली, तर बाई म्हणाल्या, ‘असं नाही हं, शुद्ध बोल.’ मुलगी घरी येऊन विचारते, आजी अशुद्ध होती का? सांगा काय उत्तर देऊ.

सुहास_फ्रिमाँट

खानदेशीभाऊ, वाईट वाटलं. पण हा विषय वेगळा आहे, वेगळा धागा काढा. आठवड्यातून एक दिवस शाळा भरते, त्यात चाळीस बोली कोण शिकवणार? एक प्रमाण भाषा नसेल तर पुस्तक कोणत्या भाषेत छापायचं? केसॉनलाही तीच अडचण होती. पावणेदोनशे भाषांच्या देशात कुठली तरी एक निवडावी लागणारच.

खानदेशी_हेवर्ड

विषय वेगळा नाही, हाच विषय आहे. चाळीस बोली शिकवा असं मी म्हटलंच नाही. पोराच्या तोंडातली चूक नसलेली गोष्ट चूक म्हणू नका, एवढंच म्हटलं. पुस्तक खुशाल प्रमाण भाषेत छापा, आमच्या आज्यांवर लाल शाई कशाला? २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा हेच सगळे ‘मुलांवर दुसऱ्याची भाषा लादू नका’ म्हणून पेटले होते. मीही होतो त्यात. पण तो नियम तुमच्या अंगणापर्यंतच का?

म्हापशेकर

खानदेशींना शंभर टक्के पाठिंबा. कोकणीला वर्षानुवर्षं मराठीची बोली म्हणून हिणवणाऱ्यांनी आता रिझालच्या नावाने गळा काढू नये. १९८७ ला राजभाषा कायदा होईपर्यंत आम्ही काय काय ऐकलंय ते आम्हालाच माहीत.

सुहास_फ्रिमाँट

झालं, आता गोवा. मी पोस्ट लिहिली बाप्तिस्म्याच्या जेवणावर, आणि मला उत्तर द्यायचंय अहिराणी, हिंदी आणि कोकणीचं. ज्याला त्याला आपलं दुखणं काढायला माझीच पोस्ट सापडली का?

खानदेशी_हेवर्ड

दुसऱ्यांच्या घरातलं दुखणं तुम्हीच उघड्यावर मांडलंत, साहेब. आता आवाज चढवू नका.

नंदन_पुणे

सुहासरावांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, घरात बोललं नाही तर भाषा जाते. पण ती माशाची ओळ त्यांनी काढावी. ज्या कवितेत ती आहे ती रिझालने आठव्या वर्षी, १८६९ मध्ये लिहिली असं शाळांतून सांगतात. तिचं हस्तलिखित मिळालेलं नाही. तिच्यात स्वातंत्र्यासाठी ‘कालायाआन’ हा शब्द आहे, आणि तो आपल्याला १८८२ च्या सुमारास एका भाषांतरात पहिल्यांदा भेटला असं रिझालने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. इतिहासकार ही कविता त्याची मानायला कचरतात ते म्हणूनच. त्याच्या दोन्ही कादंबऱ्या तर स्पॅनिशमध्ये आहेत. इतका मोठा माणूस मुलांना मारायची छडी म्हणून वापरू नये.

अनघा_टोरंटो

मी इथे शाळेत शिकवते, माझ्या वर्गात फिलिपिनो मुलं भरपूर असतात. अमेरिकेत नर्सेस, तशा इथे केअरगिव्हर. १९९२ ते २०१४ लिव्ह-इन केअरगिव्हर योजना होती. बाईने मालकाच्या घरातच राहायचं, त्याची मुलं किंवा म्हातारे सांभाळायचे, ठरलेला काळ भरला की कायम राहण्याचा अर्ज, आणि मग स्वतःच्या मुलांना आणायचं. यात वर्षं जायची. दिवसभर त्या परक्यांच्या मुलांना इंग्रजीत गोष्टी सांगायच्या, स्वतःची मुलं फोनवर.

त्यातला एक मुलगा माझ्याकडे नववीत आला. टॅगलॉग अस्खलित, दर वाक्याला मोठ्यांसाठीचा ‘पो’ लावणारा. पालकसभेला आईबरोबर आला आणि दोघं माझ्यासमोर बसून एकमेकांशी बोलेचनात. ती माझ्याशी बोलायची, तो माझ्याशी बोलायचा. भाषा दोघांची एकच होती, पण पाच वर्षांचा असताना सोडून गेलेल्या बाईशी काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याची धाकटी बहीण इथे जन्मलेली. तिला टॅगलॉग येत नाही, पण ती आईच्या गळ्यात हात टाकून बसते. सुहासजी, यातल्या कोणत्या मुलाला तुम्ही वासाचा मासा म्हणणार?

एक मात्र तुमचं खरं आहे. ओंटारिओत शाळा मंडळं शनिवारचे भाषावर्ग चालवतात, मुलं जमली की वर्ग निघतो. आमच्या भागात टॅगलॉगच्या वर्गासाठी पालक जमवायला मी स्वतः फिरले, पुरेसे मिळाले नाहीत. ‘त्याचा उपयोग काय?’ हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा रागही आला होता.

मीनल_डेलीसिटी

अनघाताई, ‘उपयोग काय’ हे माझ्याही घरात ऐकलंय, नाकारत नाही. पण ते कुठून येतं तेही बघा. डेलॅनोतल्या एका रुग्णालयाने फिलिपिनो कर्मचाऱ्यांना आपसातही टॅगलॉग बोलायची बंदी घातली होती, बाकीच्यांवर नजरसुद्धा नाही. सुमारे ७० जणांचा तो खटला २०१२ मध्ये ९,७५,००० डॉलर भरून मिटवावा लागला. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीशी दोन शब्द बोलल्यावर जी बाई ओरडा खाते, ती घरी येऊन मुलाला तेच शब्द कोणत्या तोंडाने शिकवेल?

आणि सुहासराव, इंग्रजीत पाणी मागितलं तर ओ न देणं ज्याला जमतं त्याला जमो. आमच्याकडे मुलगा सासूबाईंशी मोडकं टॅगलॉग बोलतो ते घरात एकच नियम आहे म्हणून: चुकलं तर कोणी हसायचं नाही आणि मध्येच सुधारायचं नाही. सासूबाई बरोबर वाक्य आपल्या उत्तरात घालून देतात, बस. रविवारी चर्चमधून आल्यावर दोघं तांदूळ निवडत नाहीत की काही नाही, नुसती लुगाव, म्हणजे तांदळाची पेज, ढवळत उभी असतात आणि तो बडबडतो. त्यात निम्मं इंग्रजी असतं. असू दे. आता नवराही मध्ये तोंड घालायला लागलाय, आईशी, त्याच चुकांसकट.

सुहास_फ्रिमाँट

नंदनने म्हटल्यावर माशाची ओळ काढतो. ‘विकून खाल्ली’ हेही काढतो, ते जरा जास्त झालं. बाकी पोस्ट तशीच राहील. अनघाताईंनाच पालक जमवता आले नाहीत, आणि माझं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं. हसू नका, सुधारू नका हे ठीक, पण वर्ग काढल्याशिवाय वाचता-लिहिता कसं येणार? तुमच्या मुलाला सासूबाईंनंतर कोणाशी बोलायला मिळणार?

मीनल_डेलीसिटी

बापाशी. म्हणूनच तर एवढं लिहिलं.

खानदेशी_हेवर्ड

सुहासराव, मराठी शाळांच्या समितीत तुम्ही आहात ना? मग बाईंनी माझ्या मुलीला ‘अशुद्ध’ म्हटलं, त्यावर समितीचं म्हणणं काय? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नवा धागा काढणार नाही, इथेच थांबलोय.