खिचडी माझी, गिऱ्हाईक ॲपचं: ऑनलाइन बाजाराला आधीच नियम लावायचे की नाही?

फरियाली_खिचडी:
राम राम मंडळी. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं फराळाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, बटाटेवडे, बस. तीन वर्षांपूर्वी पोरानं हट्ट करून एका ॲपवर दुकान चढवलं आणि खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष मजा आली, विजयनगरपासून राऊपर्यंत खिचडी जायला लागली जिथं आमचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. काल रात्री हिशेबाला बसलो. एक ऑर्डर उलगडून दाखवतो.

बिल ४०० चं. त्यात ८० रुपयांची ऑफर, ती आमच्या खिशातून. राहिले ३२०. त्यावर २५ टक्के कमिशन, म्हंजे ८०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १४ रुपये ४० पैसे. वरच्या बाजूला दिसावं म्हणून जाहिरात लावतो, ती ऑर्डरमागे २० पडते. हातात आले २०५ रुपये ६० पैसे, आणि यातूनच साबुदाणा, दाणे, तूप, डबा, गॅस, दोन पोरांचा पगार.

मग ऑफर बंद कर ना, म्हणाल. केली होती गेल्या महिन्यात. चौथ्या दिवशी स्वतःच्या दुकानासमोर उभं राहून स्वतःच्याच फोनवर 'साबुदाणा खिचडी' शोधलं तर सगळ्यात वर सात किलोमीटरवरचं कुठलंतरी किचन ज्याचं शटरसुद्धा कुणी पाहिलेलं नाही, आणि आमचं नाव यायला बोट दुखेपर्यंत सरकवत बसलो. फोन केला तर म्हणे ते सिस्टिम ठरवते.

आणि एक. सुदामानगरच्या एक बाई आहेत, दर एकादशीला ऑर्डर, 'मिरची नको, दाणे जास्त'. तीन वर्षं त्यांची खिचडी वेगळी काढतोय, पण नंबर मला दिसत नाही. उद्या ॲप सोडलं तर त्या बाई मला सापडणारच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की छावणीच्या मंडीत तोलणारा वेगळा असतो आणि विकणारा वेगळा. इथं काटाही त्यांचा, ओटाही त्यांचा, आणि हळूच मालही त्यांचाच येतोय. यांना आधीच नियम घालून द्यायला हवेत. बुडाल्यावर तक्रार करून काय उपयोग?

सुपर_कॉरिडॉर:
दादा, खिचडी तुमची झन्नाट असणार यात वाद नाही पण हिशेब अर्धाच मांडलात. विजयनगरला गाळा घ्यायला गेलात तर पगडी किती, भाडं किती? राऊपर्यंत डिलिव्हरीला स्वतःचा माणूस ठेवला तर त्याचा पगार, पेट्रोल? त्या ८० रुपयांत ते सगळं आलं. जबरदस्ती तर कुणी केली नव्हती, पहिलं वर्ष मजा आली असं तुम्हीच लिहिलंय.

आधीच नियम लावण्याचं युरोपानं करून पाहिलं. डिजिटल मार्केट्स ॲक्ट २०२४ च्या मार्चपासून मोठ्या कंपन्यांना पाळावा लागला आणि त्याच वर्षी ॲपलनं आयफोनची काही नवी फीचर युरोपात उशिरा देऊ म्हणून सांगितलं, कारण दिलं हाच कायदा. आपल्याकडचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा तर अजून मजेशीर, एक कोटी ग्राहक झाले की तुम्ही मोठे व्हायच्या रांगेत. एक कोटी! युरोपात तो आकडा मोठा वाटेल, आपल्या देशात ठीकठाक चालणारं कुठलंही ॲप तिथं पोचतं. म्हंजे अमेरिकन कंपन्यांना धरायला जाळं टाकायचं आणि आपलीच पोरं अडकायची. २००२ चा स्पर्धा कायदा आहे ना, चुकले की धरा.

वकील_पण_साधा:
सुपर_कॉरिडॉर, एक कोटीचा आकडा एकटा सांगू नका हो. मसुद्यात आधी भारतातली उलाढाल ४,००० कोटी, किंवा जगभरातली ३० अब्ज डॉलर, असे पैशाचे निकष आहेत, आणि ते पार केल्यावर मग एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यापारी. तुमच्या ऑफिसातल्या पोरांचं स्टार्टअप त्यात येत नाही, झोपा निवांत.

'चुकले की धरा'चं पण बघा. गूगलच्या अँड्रॉइडची चौकशी स्पर्धा आयोगानं २०१९ मध्ये लावली. १,३३७.७६ कोटींचा दंड झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. मग अपील, त्याचा निकाल मार्च २०२३. गूगलला चार वर्षं म्हणजे काहीच नाही, पण खिचडीवाल्याचं दुकान चार वर्षं थांबतं का? रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेनं मोठ्या फूड डिलिव्हरी ॲपांविरुद्ध २०२१ मध्ये तक्रार केली, एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश निघाला. मुद्दे हेच, आपल्याच किचनला झुकतं माप आणि दुसरीकडे स्वस्त विकायचं नाही ही अट.

पण फरियाली_खिचडी, तुम्हालाही एक कडू गोळी. मार्च २०२४ चा तो मसुदा (अजून मसुदाच आहे) तुमचं कमिशन २५ चं १५ करणार नाही. कमिशनवर मर्यादा त्यात नाहीच. त्यात आहे ते असं: स्वतःच्या मालाला वर चढवायचं नाही, तुमच्या विक्रीची माहिती वापरून तुमच्याशीच स्पर्धा करायची नाही, आणि गिऱ्हाइकाला तुमच्याकडे थेट यायला अडवायचं नाही. ८० रुपयांची ऑफर हा तुमच्या आणि त्यांच्या करारातला मामला.

भुट्टेका_किस:
भिया आधी दुकानाचं नाव सांगा, वाद नंतर 😀

राजेंद्रनगरची_काकू:
मी ६९ वर्षांची, एकटी राहते, मुलगा बेंगळुरूला. गुडघे गेलेत. मला ॲपविरुद्ध कुणी बोललं की जरा रागच येतो, स्पष्ट सांगते. हे गेले तेव्हा पहिले दोन महिने मी घराबाहेर पडले नाही आणि घरात औषधं, दूध, भाजी या पोरांनीच आणून दिली. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी, चाळीस वर्षांची ओळख बरं का, त्याला फोन केला की 'माणूस नाही आत्ता, काकू, संध्याकाळी बघतो'. ती संध्याकाळ कधी उजाडलीच नाही. आणि ओळखीतल्या दुकानात परत करायला गेलं की तोंडं बघा कशी होतात. आता सगळे दुकानदार गरीब गाय झालेत, पण तराजूखाली चिंच चिकटवणारे आम्हीही पाहिलेत हो.

तेव्हा नियम करा, पण त्याचा बोजा माझ्या बिलावर नको.

आता ॲपवाले काही साव नाहीत, तेही सांगते. गेल्या महिन्यात एकावर भाजी मागवली, २१२ रुपयांची, पैसे द्यायच्या पानावर २५० झाले. हँडलिंग, छोट्या ऑर्डरचे वेगळे, पावसाचे वेगळे, आणि खाली बारीक अक्षरात दोन रुपये दान, आधीच टिक केलेलं! मला दान करायचं तर मी अन्नपूर्णेच्या देवळात जाऊन करीन. मुलाला सांगितलं तर हसला, म्हणाला आई याला डार्क पॅटर्न म्हणतात, नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं असे १३ प्रकार लिहून बंद केलेत. बंद केलेत मग माझ्या फोनवर कसे आले? १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला, वीस मिनिटं गेली, पण वरचे ३८ रुपये परत आले. ३८ रुपयांसाठी वीस मिनिटं कोण बसतं, माझ्यासारखी रिकामी बाई सोडून.

सियागंज_होलसेल:
काकू, तुमच्या वाण्याकडे माणूस का नाही ते सांगतो. धंदाच राहिला नाही. आमच्याकडून किराणावाला माल उचलतो पंधरा दिवसांच्या उधारीवर, दिवाळीत महिनाभर. बिस्किटाच्या पेटीवर आम्हाला जो रेट कंपनी देते त्यापेक्षा कमी रेट त्या डार्क स्टोअरला, म्हंजे दहा मिनिटांत माल देणाऱ्या ॲपच्या गोदामाला जातो, थेट. मग दहा मिनिटवाला एमआरपीच्या खाली विकतो आणि आमचं गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही लुटता.

विदेशी पैशावर चालणाऱ्या मार्केटप्लेसनं स्वतः माल ठेवायचा नाही असा नियम आहे ना, २०१८ ची प्रेस नोट २, एका विक्रेत्यानं २५ टक्क्यांहून जास्त माल मार्केटप्लेसच्या कंपनीकडून घेतला तर तो माल त्यांच्याच ताब्यातला धरायचा. कागद चोख आहे. कागदाला विचारतो कोण? मी म्हणतो नवीन कायदा सोडा, आहे तो तर चालवा.

सुपर_कॉरिडॉर:
सियागंज दादा, कमी रेट कंपनी देते, ॲप नाही. भांडण कंपनीशी करा. आणि ओएनडीसी, म्हंजे ऑनलाइन विक्रीचं सरकारी पुढाकाराचं नेटवर्क, आलं २०२२ मध्ये, सगळ्यांसाठी खुलं, एका कंपनीच्या ताब्यात नाही, यूपीआयसारखंच. किती जण गेलात तिथं? पोह्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागला तो कुणाला दंड करून नाही लागला, खुला रस्ता बांधला म्हणून लागला. माझं म्हणणं असं की सरकारनं रस्ते बांधावेत, प्रत्येक दुकानात इन्स्पेक्टर पाठवू नये.

फरियाली_खिचडी:
ओएनडीसीवर चार महिने होतो. ऑर्डरी आल्या अकरा. रस्ता खुला आहे पण जत्रा दुसरीकडे भरलीय, मी एकटा टोपली घेऊन उभा.

पार्टटायमर:
सगळं वाचलं. दुकानदार बोलला, गिऱ्हाईक बोललं, आयटीवाला बोलला, वकीलसाहेब बोलले. खिचडी उडत येते का घरी?

मी देवी अहिल्या विद्यापीठातून बीकॉम, दिवसा एका सीएकडे, संध्याकाळी सहा ते बारा गाडीवर. तुमच्या राजवाड्याच्या गल्ल्यांत गाडी आत जात नाही, लांब लावून पायी जातो, परत येईपर्यंत चलान. दुकानावर ऑर्डर तयार नसते. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. त्या वेळेचं काही मिळत नाही किंवा मिळतं ते सांगायला लाज वाटते. आणि दादा, तुमच्या दुकानाचं माहीत नाही पण त्या गल्लीत पाट्या आहेत, 'डिलिव्हरी बॉय बाहेर उभे राहावे'. पाणी मागितलं तर बिसलेरी घे म्हणतात.

मागच्या थंडीत एक केक दिला, गेटवर वॉचमनकडे, फोटो काढला. गिऱ्हाइकानं लिहिलं मिळालाच नाही. ॲपवरची माझी आयडी बंद, म्हणजे काम बंद. सहा दिवस. चॅटवर जे उत्तर देतं ते माणूस आहे की मशीन तेच कळेना, प्रत्येक वेळी 'आम्ही तुमची अडचण समजतो'. सातव्या दिवशी आयडी आपोआप चालू, कारण नाही, माफी नाही, सहा दिवसांचे पैसे नाहीत. तुमचं दुकान लिस्टमध्ये खाली गेलं तर तुम्ही धागा काढता, माझं तर शटरच पाडलं होतं.

काकू, तुमच्याबद्दल तक्रार नाही, तुमच्यासारखे लोक चहा विचारतात.

वकील_पण_साधा:
पार्टटायमर, तुमच्यासाठी कागदावर थोडं काही झालंय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. ॲपवाल्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के तुमच्या निधीत द्यायचे, पण तुम्हा लोकांना जे देतात त्याच्या ५ टक्क्यांवर नाही. अपघात, आरोग्य, म्हातारपण यासाठी. नीती आयोगाचा अंदाज होता २०२०-२१ मध्ये असे कामगार ७७ लाख, २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी.

पार्टटायमर:
निधी मिळेल तेव्हा मिळेल साहेब. मला म्हातारपणाआधी उद्याची आयडी चालू पाहिजे.

वकील_पण_साधा:
रास्त आहे. त्या बाबतीत कर्नाटकाचा २०२५ चा कायदा पुढे आहे, काढून टाकायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. राजस्थाननं २०२३ मध्ये सगळ्यात आधी कायदा केला. भोपाळला कुणाला सुचेल तेव्हा सुचेल.

सुपर_कॉरिडॉर:
हे मात्र मान्य. मी स्वतः असल्या सिस्टिम लिहितो, आयडी बंद करण्याआधी एका माणसानं फोटो उघडून बघायला काही मोठा खर्च नाही. लावत नाहीत कारण लावा असं कुणी सांगितलेलं नसतं. (हो, कळलं, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला मी.)

सियागंज_होलसेल:
आता आला गडी लाइनीवर.

फरियाली_खिचडी:
पार्टटायमर भाऊ, पाटी आहे. आमच्याही दुकानाला आहे, मीच लावली होती, गर्दीत गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही म्हणून. आत्ता पोराला सांगून काढली. माठ आतल्या बाजूला होता तो बाहेर ठेवतो. यात मी काही मोठेपणा सांगत नाही, वीस मिनिटं उशीर आमच्याकडूनच होतो, एकाच कढईवर ॲपचं आणि समोरचं दोन्ही.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. 'थेट यायला अडवायचं नाही' म्हणालात. मी दोन वर्षांपूर्वी डब्यात फोन नंबरची चिठ्ठी टाकायचो, ॲपकडून मेल आला की करारात बसत नाही, बंद करा. ते हेच का?

वकील_पण_साधा:
तंतोतंत हेच. मसुद्याचा कायदा झाला असता तर त्या मेलला उत्तर देता आलं असतं. आज करार नीट वाचावा लागेल. वेगळी चिठ्ठी टाकणं एक, डब्यावर छापलेलं दुकानाचं नाव आणि नंबर हे वेगळं. डबा तुमचा आहे.

फरियाली_खिचडी:
म्हंजे डब्यावर छापू? पुढची लॉट परवा छापायला जातेय.

राजेंद्रनगरची_काकू:
छापा. मी त्या सुदामानगरच्या नाही हो, पण एकादशी मीही करते. थेट फोन केला तर काय भाव?

फरियाली_खिचडी:
काकू तुमच्यासाठी ३२०, ऑफरचाच भाव.

राजेंद्रनगरची_काकू:
वा रे वा. तुमचे ८० कमिशनचे वाचले, जाहिरातीचे २० वाचले, आणि मला तोच भाव? २६० करा.

फरियाली_खिचडी:
२८०. पण राजेंद्रनगरला आणून कोण देणार?

पार्टटायमर:
मी देईन, सहानंतर. राजवाडा ते राजेंद्रनगरचा भाव आधी बोला, आणि थांबायचे वेगळे.