सोसायटीची वेबसाइट पुन्हा सुरू: यावेळी डोमेन कुणाच्या नावावर?

*शनिवार, रात्री ८:४०*

बी-५०३: नमस्कार मंडळी. सोसायटीची वेबसाइट आजपासून पुन्हा उघडते आहे. काम अजून अर्धंच झालंय. सी-१०४ मधला आपला मुलगा आणि मी पाच आठवडे वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, शिकत होतो. सोमवारच्या कमिटी मीटिंगआधी सगळ्यांनी एकदा बघा आणि काय चुकलंय ते इथेच लिहा.

ए-२०१: अभिनंदन ताई. एक विचारतो, राग मानू नका. नोटीस तर या ग्रुपवर येतेच. मग वेबसाइट कशाला?

बी-५०३: राग कसला भाऊ, विचारायलाच हवं. मागच्या महिन्यात ए-६०३ ला नॉमिनेशनचा फॉर्म हवा होता. ग्रुपवर तीन वर्षांपूर्वीचा मेसेज सापडला, फाइल काही उघडेना. शेवटी ऑफिसच्या फायलीतून झेरॉक्स काढावी लागली. इथे आलेला कागद दोन दिवसांत शुभेच्छांच्या खाली जातो. उपविधी, भाडेकरू ठेवण्याचे नियम, सभेची इतिवृत्तं, हे कुणालाही रात्री अकरा वाजतासुद्धा मिळालं पाहिजे. मी बत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. कागद घरात आहे आणि माणसाला मिळत नाही, हे मला बघवत नाही.

ए-६०३: खरंय, दोन दिवस गेले होते माझे. पण काकू, पूर्वी एक साइट होती ना आपली?

सेक्रेटरी: होती. तिचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, एका सभासदांच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलं होतं. ते फ्लॅट विकून गेले. मुदत संपत आल्याचे मेल त्यांच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले. डोमेन गेलं आणि नंतर दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. होस्टिंगचा, म्हणजे साइटच्या फायली जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेचा, पासवर्डही आपल्याकडे नव्हता. आठ वर्षांची इतिवृत्तं आणि फोटो गेले. त्यांना दोष नाही देत मी. कमिटीने कधी विचारलंच नाही.

बी-५०३: म्हणून साइट कशी दिसते यापेक्षा हे आधी केलं. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही सोसायटीच्या नावाने, सोसायटीच्या ईमेलवर. पैसे सोसायटीच्या खात्यातून, पावती खजिनदारांकडे. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहून घेणार आहोत. पासवर्ड बंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात राहील. कमिटी बदलली की पाकीटही चार्जमध्ये द्यायचं, जसं शिक्का आणि चेकबुक देतो तसं.

ए-६०३: हे फार बरं केलंत. आणि शिकलात कसं? मला वाटायचं कोडिंग यावं लागतं.

बी-५०३: नाही गं, आमच्या कामापुरतं तरी नाही. पहिले दोन दिवस मात्र नावातच गेले. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार जागा देणारी सेवा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मूळ सॉफ्टवेअर मिळतं, ते आपण आपल्या होस्टिंगवर बसवायचं. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये एक बंद पडत चाललेला प्रोग्रॅम पुढे नेऊन ते सुरू केलं. परवाना मुक्त आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत. खर्च आहे तो डोमेन आणि होस्टिंगचा. पहिले तीन आठवडे आम्ही सगळं सी-१०४ च्या लॅपटॉपवरच केलं, इंटरनेटवर काहीच नाही. त्यामुळे मोडायची भीती नव्हती. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली की बरीचशी बटणंही मराठीत येतात.

खरी अडचण होती 'पान' आणि 'पोस्ट' यांतला फरक कळण्याची. मी प्रत्येक नोटिशीचं वेगळं पान करत गेले आणि मेनूत एकोणीस नावं झाली. मग आपली लॉबी डोळ्यांसमोर आणली. लिफ्टशेजारी सभासदांच्या नावांची पाटी आहे, ती वर्षानुवर्षं तीच. ते झालं पान. शेजारी नोटीस बोर्ड आहे, त्यावर नवा कागद वर लागतो, जुना खाली सरकतो. ती पोस्ट. उपविधी आणि फॉर्म पानांवर गेले, पाणीकपात आणि सभेची नोटीस पोस्टमध्ये. वर्ग लावणं तर माझं जन्माचंच काम: पाणी, लिफ्ट, हिशेब, सभा, सण. 'पाणी' दाबलं की पाण्याच्या सगळ्या नोटिसा एका खाली एक.

बी-१०१: मी पेनड्राइव्हवर दिलेल्या नोटिसा का दिसत नाहीत? श्रीलिपीत व्यवस्थित टाइप केलेल्या आहेत.

सी-१०४: आजोबा, त्या पेस्ट केल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. तो फॉण्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे कुठल्याही फोनवर 'क' च दिसतो आणि शोधलं की सापडतो. कन्व्हर्टरमधून काढता येतील, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. कुणीतरी नीट वाचून द्यायला हवं.

बी-१०१: मी वाचून देतो. पण या वयात नवा कीबोर्ड शिकणं होणार नाही.

सी-१०४: नकोच. टाइपरायटरचाच कीबोर्ड ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येतं. मी लावून देईन.

ए-२०१: नाव मराठीत घेता येईल का साइटचं?

सी-१०४: येतं काका, डॉट भारत २०१४ पासून आहे. पण तशा नावाचा ईमेल अजून सगळीकडे नीट चालत नाही, म्हणून सध्या साधंच घेतलंय. मराठी मथळा दिला की लिंकही मराठीत होते आणि इथे पेस्ट केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब ओळ येते. म्हणून पोस्टची लिंक रोमन अक्षरांत छोटी ठेवतो, मथळा मराठीच.

ए-२०१: माझ्याकडे गणपतीचे दोनशे चौदा फोटो आहेत. सगळे टाका. वर फिरते फोटो, किती लोकांनी साइट बघितली त्याचा आकडा, हेही हवं.

बी-५०३: भाऊ, पंधरा निवडून द्या. फोनचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. ते लहान करून टाकावे लागतात, नाहीतर पान उघडता उघडत नाही. आकडा आणि फिरते फोटो सध्या नकोत. एकेका सोयीसाठी एकेक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं आणि प्रत्येक प्लगिन कायम सांभाळावं लागतं. गेल्या बुधवारी मी बॅकअप न घेता अपडेट दाबलं आणि साइट पांढरी पडली. लॉगिनही होईना. माझ्या पोटात गोळा आला, पुन्हा सगळं गेलं असंच वाटलं. सी-१०४ ने होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं. वर्डप्रेसला ते सापडेना, म्हणून ते आपोआप बंद झालं आणि साइट परत आली. आता दर रविवारी आधी बॅकअप, त्याची प्रत होस्टिंगच्या बाहेर, मगच अपडेट. अपडेट टाळणंही चालत नाही, जुन्या प्लगिनमधूनच लोक आत शिरतात.

डी-१०२: थकबाकीदारांची यादी टाका साइटवर. मेंटेनन्स पटापट येईल.

बी-५०३: ती मी टाकणार नाही. साइट जगाला दिसते. थकबाकी, फोन नंबर, भाडेकरूंचे कागद, मुलांचे नावासकट फोटो, यातलं काहीही नाही. कुणाच्या घरी काय अडचण आहे हे आपल्याला माहीत नसतं.

डी-१०२: पासवर्डचं पान करा मग. सभासदांनाच दिसेल.

सी-१०४: दादा, एक पासवर्ड बहात्तर घरांत गेला की तो गुप्त राहत नाही.

सेक्रेटरी: सोमवारी मीटिंगमध्ये घेऊ. माझंही मत काकूंसारखंच आहे.

बी-५०३: आता माझी विनंती. सी-१०४ मधला हा मुलगा जूनमध्ये बंगळुरूला शिकायला जातोय. प्रशासक म्हणून सेक्रेटरी आणि मी आहोत, पण रोजचं लिहायला आणखी दोघं-तिघं हवेत. एकाच माणसाच्या हातात राहिलं तर गेल्या वेळचंच होईल. उद्या अकरा वाजता सोसायटी ऑफिसमध्ये बसू. लॅपटॉप असेल तर आणा.

ए-६०३: मी येते काकू. फॉर्मचं पान मी सांभाळेन.

बी-१०१: मीही येतो. गुरुवारी टाकी धुणार आहेत, त्याची नोटीस मीच टाकून बघतो.

बी-५०३: या की. तुमचं खातं आत्ताच तयार करते. भूमिका 'लेखक' ठेवली आहे, म्हणजे नोटीस लिहून तुमची तुम्हालाच प्रसिद्ध करता येईल.