रोज जवळ बाळगायला .३२: प्रबल, वेब्ली की अशनी?

पंपमालक_मोहोळ

नमस्कार. सोलापूर-पुणे हायवेला मोहोळजवळ आमचा पेट्रोल पंप आहे. हल्ली बरेच लोक फोनवरून पैसे देतात, तरी ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले यांची रोकड रोज जमतेच आणि ती बँकेत मीच नेतो. मागे पाठलागाचा प्रकार झाला, त्याची पोलिसात तक्रार आहे. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडलं, पोलीस चौकशी झाली आणि आता परवाना हातात आलाय. एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या मापाचं हत्यार; बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), एक हँडगन, महाराष्ट्रापुरता.

आता घ्यायचं काय, यावर गाडी अडली आहे. यूट्यूब उघडलं की ग्लॉक ४३एक्स, सिग पी३६५, असंच सगळं दिसतं. ते आपल्याकडे मिळत नाही हे डीलरने सांगितलं. त्याच्याकडून चार पर्याय पुढे आले, सगळे .३२ बोअरचे: कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं प्रबल रिव्हॉल्वर, उत्तर प्रदेशात संडीलाला बनणारं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर, अशनी पिस्तूल, आणि कुणाचं तरी जुनं विदेशी रिव्हॉल्वर, ज्याची किंमत नव्याच्या कितीतरी पट आहे. "साहेब, विदेशी ते विदेशी" असं तो म्हणतो.

मी रोज शर्ट-पँट घालतो. उन्हाळ्यात मोहोळात घामाने शर्ट अंगाला चिकटतो. घरात दोन मुलं आहेत, एक सहावीत आणि एक बालवाडीत. हे सगळं धरून सांगा.

ह्यूस्टनकर

तुम्ही बघता ते व्हिडिओ इथल्या, अमेरिकेतल्या लोकांसाठी आहेत. पी३६५ २०१८ साली आलं. तळहाताएवढ्या पिस्तुलात ९ मिमीच्या दहा गोळ्या बसतात हे तेव्हा नवल होतं आणि मग सगळ्या कंपन्या त्याच मापाच्या मागे लागल्या. इथे दुकानात दहा पिस्तुलं हातात घेऊन बघता येतात, त्यातली काही रेंजवर भाड्याने मिळतात. म्हणून "कुठली कंपनी" या प्रश्नाला इथे अर्थ आहे. आपल्याकडे ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये येतो, तेव्हा ती तुलना तुमच्या कामाची नाही.

इथे नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे ऐकून काही जण एच-१बी व्हिसावर दुकानात जातात. त्या व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, अपवाद मोजके. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत हात लावू नका.

आर्मरर_सातारा

दादा, लष्कराच्या ईएमईत (यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) आर्मरर म्हणून माझी सगळी नोकरी हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेली. आता इकडे नव्या परवानाधारकांना शिकवतो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही विचारताय तसं फार थोडे लोक विचारतात. बाकीचे घेऊन येतात आणि मग विचारतात.

आधी काडतूस समजून घ्या. रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, त्याला बुडाशी रुंद कड असते. पिस्तुलाला ७.६५ मिमी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. बुडावर "केएफ" कोरलेलं दिसलं तर ते खडकीच्या कारखान्याचं. दोन्हींचा जोर ९ मिमीच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणून तुमच्या चारही पर्यायांत ताकदीचा फरक शोधू नका, तो नाही. फरक आहे तो हत्यार किती सुरक्षित बाळगता येतं आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात ते चालतं का, याचा.

अशनी चपटं आहे, शर्टाखाली दिसत नाही, म्हणून लोकांना आवडतं. पण रोज कसं बाळगणार? चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी उडते त्या खणात) गोळी ठेवून कमरेला लावायचं, तर सेफ्टीची सवय हाडात मुरलेली हवी. ती फौजेत रोज करून येते, पंप चालवणाऱ्या माणसाला यावी अशी अपेक्षाच चूक आहे. चेंबर रिकामं ठेवायचं, तर ऐनवेळी स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढावी लागते. तुमच्या एका हातात रोकडीची पिशवी असणार, दुसऱ्यात पिस्तूल. स्लाईड कुठल्या हाताने ओढणार? शिवाय ७.६५ च्या काडतुसाला अर्धवट कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल जाम होतं. अशनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. जो रेंजवर नियमित जातो त्याने घ्यावं.

तुम्हाला रिव्हॉल्वर. भरलेलं असताना त्याचा ट्रिगर लांब आणि जड असतो, तोच त्याचा पहारा. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं समोर येतं. दुसऱ्या हाताची गरज नाही.

आता रिव्हॉल्वरांत कुठलं? कानपूरचं जुनं .३२ आणि संडीलाचं वेब्ली, दोन्हींचं मूळ वेब्ली मार्क ४ या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वरमध्ये आहे. वरचा खटका दाबला की हत्यार मधोमध वाकतं आणि सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. बघायला सुंदर. पण दोन जागा मी कायम तपासत आलोय. एक, तो खटका आणि खालची बिजागरी. सगळा भार त्यांच्यावर असतो, वर्षं गेली की तिथे खेळ येतो. दुसरी, चांदणीच्या आकाराचा एक्सट्रॅक्टर, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा भाग. एखादं रिकामं काडतूस त्याच्या खाली घसरलं तर हत्यार धड मिटतही नाही आणि धड उघडतही नाही, सोडवायला दोन्ही हात आणि शांत डोकं लागतं. उघडताना नळी आभाळाकडे धरली तर हे सहसा होत नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो.

प्रबल ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. त्याचं सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) बाजूला उघडतं आणि फ्रेम अखंड आहे. नळी ७६ मिमी, रिकामं वजन ७०० ग्रॅम. अखंड फ्रेम ही माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट, कारण फ्रेमच्या मधोमध झिजायला बिजागरी नाही. जाहिरातीत ५० मीटर रेंजचा फार गाजावाजा आहे, तो विसरून जा. ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून तुम्हाला पळायला जागा आहे. तुमच्यावर वेळ आली तर ती गाडीच्या दारापासून हातभर अंतरावर येणार.

जुनं विदेशी घेऊ नका. ऐंशीच्या दशकात सामान्य नागरिकांसाठी आयात बंद झाली, म्हणून देशात आधीच असलेल्या हत्यारांना असा भाव आला. ती किंमत टंचाईची आहे. स्प्रिंगा थकलेल्या, सुटे भाग मिळत नाहीत, आणि पडल्यावर गोळी उडू न देणाऱ्या आतल्या अडसराची काय अवस्था आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी गेली. ठेवताना ते हातातून पडलं आणि उडालं. माझ्या मनात ही बातमी घर करून राहिली आहे. पडल्यावर हत्यार उडता कामा नये, ही पहिली अट. बाकी सगळं नंतर.

घामाचं. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि पट्ट्याला घट्ट बसणारं हवं. नुसतं कमरेला खोचायचं नाही, गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून चहाला जायचं नाही. चामड्याचं होल्स्टर दिवसा वापरा, पण रात्री हत्यार त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पोलादाला गंज चढतो आणि काडतुसांचं पितळ कळकतं. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, नळीत तेलाचा हलका हात द्या. तेल काडतुसांना मात्र लागू देऊ नका, प्रायमरमध्ये (बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीत) उतरलं तर बार फुसका जातो. रोज जवळ असलेली काडतुसं ठरावीक काळाने रेंजवर उडवून टाका आणि नवी भरा.

आणि मुलांचं. कपाटात साड्यांच्या घडीखाली, देव्हाऱ्याच्या खणात, माळ्यावर... ही सगळी ठिकाणं मुलांना तुमच्या आधी माहीत असतात. भिंतीत बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी आधी घ्या, हत्यार मागाहून. काडतुसं वेगळ्या कुलपात. सहावीतल्या मुलाला ते एकदा रिकामं करून दाखवा, स्पष्ट बोला. लपवलं की ओढ वाढते.

रेंजवरची

आर्मरर काकांचं वाचून बरं वाटलं. मी कोल्हापूरची, दहा मीटर एअर पिस्तूल खेळले, आता मुलींना शिकवते. नेमबाज राही सरनोबत यांच्यामुळे आमच्याकडे पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या मुलींची कमी नाही.

हा धागा वाचणाऱ्या बायकांसाठी निर्भीक या रिव्हॉल्वरबद्दल लिहिते, कारण ते नाव हमखास पुढे येतं. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला कानपूरने ते "बायकांसाठी" म्हणून आणलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. हलकं म्हणजे बाईसाठी चांगलं, ही समजूत मला मुळीच पटत नाही. हत्यार जितकं हलकं, तितका झटका हाताला जास्त. आणि अडचण वजनाची नसते, ट्रिगरची असते. लहान हाताची तर्जनी ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंतच पोचते, मग ओढताना सगळा पंजा आवळला जातो आणि नळी खाली झुकते. पर्समध्ये सुटं ठेवणं तर अजिबात नको. किल्ल्या, पेन, कंगवा, यातलं काहीही ट्रिगरमध्ये जाऊ शकतं.

पंपमालक दादा, पैसे भरण्याआधी ज्याच्याकडे प्रबल आहे असा परवानाधारक क्लबात गाठा आणि त्याच्यासमोर, रिकामं करून, ट्रिगर ओढून बघा. भिंतीवर एक ठिपका काढा. ट्रिगर संपेपर्यंत पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) ठिपक्यावरून हलली नाही तर ते हत्यार तुमच्या हाताचं. हलली तर सराव, आणि सरावासाठी नकली काडतुसं वापरा.

सोलापूर_कोर्ट

फौजदारी वकिली करतो. हत्याराचं ज्ञान मला नाही, नंतरचं आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरी होताना तो जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, हे कलम ४१ मध्ये वाचून लोक खूश होतात आणि कलम ३७ वाचत नाहीत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. बॅग घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेल्या गोळीचं समर्थन करणं फार अवघड जातं. गोळी सुटली की हत्यार जप्त होतं, फॉरेन्सिकला जातं, आणि तुम्ही बरोबर असलात तरी वर्षानुवर्षं तारखा. पैसे भरून येतात, म्हणून माझा स्पष्ट सल्ला: फक्त रोकड मागत असतील तर द्या. जीव जाण्याची वेळ आली तरच हात घाला.

दाखवून धाक घालणं, हवेत बार काढणं, वरातीत मिरवणं, यातलं काहीही नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेदरकार किंवा समारंभातल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि झाकलेली हवी. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करण्याचा आदेश आला तर ठाण्यात जमा करून पावती घ्या. परवाना पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख आजच लिहून ठेवा.

पैशांचा अंदाज चुकू नये म्हणून: २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. डीलरला करासकट भाव विचारा.

पंपमालक_मोहोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही म्हणालात ती पिशवीची गोष्ट मी रात्री घरी करून बघितली, रिकाम्या हातानेच. खरंच दुसरा हात उरत नाही. अशनी बाद. जुनं विदेशी पण बाद, डीलरला तसं कळवलं. तिजोरी आधी बसवून घेतो.

वकील साहेबांचं वाचून बायकोशी बोललो. रोकड आता संध्याकाळी एकदम न नेता दुपारी आणि चारच्या आसपास अशी दोनदा भरायची, वेळ रोज बदलायची आणि सोबत पंपावरचा एक माणूस घ्यायचा असं ठरलं. गोळी झाडण्याची वेळच येऊ नये, असं तिचं म्हणणं आहे आणि ते मला पटलं.

सोलापुरात ट्रिगर बघायला मिळालं आणि हाताला जमलं तर प्रबल बुक करतो. ताब्यात घेताना काय तपासू?

आर्मरर_सातारा

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

ताब्यात घेताना सिलिंडर उघडून सहाही खण बोट घालून रिकामे बघा, मगच पुढचं. हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने हळू मागे घ्या, सिलिंडर प्रत्येक वेळी "टक" करून जागेवर बसलं पाहिजे. सहाही खणांना हे करा, एखादाच खण उशिरा बसतो असं होतं. हॅमर मागे असताना त्याला अंगठ्याने पुढे जरा रेटा. ट्रिगरला हात न लावता तो सुटला तर हत्यार परत करा, कितीही गोड बोलले तरी. सिलिंडर आणि नळीमधली फट उजेडाकडे धरून बघा, सगळीकडे सारखी हवी. नळीतून आरपार बघा, आतल्या आट्या (पिळाचे चर) स्वच्छ दिसल्या पाहिजेत. हत्यारावरचा नंबर परवान्यावर अक्षरन् अक्षर तोच चढलाय ना, हे तिथेच उभं राहून वाचा.

आणि साताऱ्याला या एखाद्या रविवारी. पहिली काडतुसं इथल्या रेंजवर सोबत उडवू.