‘ओळख पटलेले कारागीर’ : दुसरा शब्द सुचवा

औसेकर :
मामा लातूरला कुलूप-चावीचं काम शिकवतात. वर्गाच्या माहितीपत्रकात एक ओळ लिहायची आहे. चावी घासणं, लिव्हर बसवणं कोणीही शिकावं; तिजोरी चावीशिवाय उघडायची रीत मात्र फक्त ‘व्हेरिफाइड प्रोफेशनल’लाच. याला मराठीत काय म्हणावं? मी ‘ओळख पटलेले कारागीर’ लिहिलं तर बायको हसली.

परभणीकर :
हसणारच की! आपल्याकडं ओळख पटते ती बेवारस मृतदेहाची. ‘पडताळणी झालेले’ लिहाल तर वाचणारा जातीचा दाखला शोधायला पळेल. ‘ओळख’ हा शब्दच निसरडा आहे. ‘ओळखीतला माणूस’ म्हणजे रांगेत न थांबता ज्याचं काम होतं तो. तुम्हाला नेमकं उलटं म्हणायचंय.

पैठणची :
जुना शब्द आहे : अधिकारी. वेदान्ताच्या ग्रंथात सुरुवातीला चार गोष्टी सांगतात, अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. म्हणजे विषयाच्याही आधी, हे कोणी वाचावं ते! ‘अधिकारी पुरुष’ म्हणताना तो अर्थ अजून टिकून आहे. एरवी अधिकारी म्हटलं की तहसील कचेरी आठवते.

पण मला स्वतःला तो नको वाटतो. अधिकार कोणाचा, हे पुष्कळदा जन्मावरूनच ठरलं. शिवाय राखून ठेवलेल्याचं काय होतं तेही बघा. महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. ग्रंथ जपले गेले खरे. पण ‘लीळाचरित्रा’सारखं तेराव्या शतकातलं गद्य, ज्यात आमचं पैठण जागोजागी भेटतं, ते पंथाबाहेरच्या वाचकांना विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ ठाऊकच नव्हतं.

नांदेडवाला :
लपवून काय करायलेत? चोराला आधीच ठाऊक असतंय. १८५१ ला, लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षी, हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं चबचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला ५१ तास लागले, तेही सोळा दिवसांत मिळून, पन उघडलंच. असलं जगाला कामून दाखवलं म्हनून लोक वरडले. बरं, कुलपं सुधारली ती त्याच्यामुळंच ना?

परभणीकर :
शब्द विचारलाय हो त्यांनी.

बीडचा वकील :
‘सनद’ घ्या. आमची वकिलीची असते तीच. अरबीत मूळ अर्थ टेकू, आधार. हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण सांगणारं वचन, कोणी कोणाकडून ऐकली त्या नावांच्या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात, तो शब्द याच धातूतला. म्हणजे तुमच्यामागं कोण उभं आहे, हे सनदेत येतंच. दुसरं, सनद रद्द करता येते; ओळख कशी रद्द करणार? फक्त ‘सनदी कारागीर’ लिहू नका, लोकांना कलेक्टर दिसेल. ‘सनदधारक’ चालेल.

औसेकर :
आवडला. लगेच मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “सनद देनार कोन? मी?” खरंच की, आमच्या धंद्यात सनद देणारं कोणी नाही. तेव्हा ओळ आता अशी : ‘ज्यांचं स्वतःचं दुकान आहे, शॉप ॲक्टचा कागद आहे आणि ज्यांच्यासाठी एखादा जुना कारागीर जामीन राहील, त्यांनाच तिजोरीचं काम शिकवलं जाईल.’ लांबली, पण मामांनी ‘जामीन’खाली रेघ ओढून छापायला दिली.