मदत हवी आहे: स्का संगीतासाठी ट्रॉम्बोन वाजवणारं कुणी पुण्यात?

आमचा चौघांचा हौशी बँड आहे. सध्या 'द स्पेशल्स' डोक्यात बसलेत. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा हा बँड. जमैकन स्का (ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे गिटार वाजणारं नाचाचं संगीत) घेतला, त्यात पंकचा वेग आणि राग ओतला, आणि बेकारी, वंशद्वेष यांवर गात लोकांना नाचवलं (हे कसं जमतं कोण जाणे!). त्यांचा की-बोर्डवादक जेरी डॅमर्स याचं 'टू टोन' हे रेकॉर्ड लेबल १९७९चं. १९८१मध्ये ब्रिटनमध्ये दंगली पेटल्या असताना स्पेशल्सचं 'घोस्ट टाउन' हे गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर होतं.

अडचण अशी, की ड्रमर सरळ पंक ठोकतो आणि गिटारचे ऑफबीट स्ट्रोक त्यात हरवतात. वेग कमी केला की लगेच रेगे होतं. ड्रम आणि बास नेमके कसे बसवायचे?

दुसरं, ट्रॉम्बोन. रिको रॉड्रिग्झच्या ट्रॉम्बोनशिवाय स्पेशल्सचं 'अ मेसेज टू यू, रूडी' मला तरी ऐकवत नाही. की-बोर्डवरचा नकली आवाज नको. लग्नाच्या बँडमधल्या वादकांसोबत कुणी असं काम केलंय का? ते नोटेशनवरून वाजवतील, की ऐकवून बसवावं लागेल? सराव संध्याकाळी कोथरूडला असतो. मानधन अर्थातच देऊ, साधारण किती द्यावं तेही सांगा.