सकाळची सायकल, रात्रीची मीटिंग : खान्देशातील सॉफ्टवेअरवाल्यांचे अनुभव

खान्देशात राहून किंवा खान्देशातून ये-जा करून सॉफ्टवेअरचे काम करणारे आणि नेमाने सायकल चालवणारे आपल्यापैकी बरेच जण आहेत. त्यांनी आपल्या दिवसाबद्दल सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे. सायकल किती किमतीची आणि सरासरी वेग किती, यापेक्षा काम, प्रवास आणि सायकल यांचा मेळ इथल्या उन्हात आणि इथल्या रस्त्यांवर प्रत्यक्षात कसा बसतो, हे वाचायला मला आवडेल. सुरुवात माझ्यापासून करतो; इतरांची उत्तरे खाली त्यांच्या गावांच्या नावाने आहेत.

मी जळगावला राहतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याची खोली सोडून घरी आलो आणि कंपनीने घरूनच काम चालू ठेवल्यामुळे इथेच राहिलो. आमचा ग्राहक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे गेली की तीच मीटिंग साडेसातला सुरू होते. माझ्या पुण्यातल्या सहकाऱ्यांना या बदलाचा त्रास होतो, मला मात्र तो पथ्यावर पडतो, कारण नेमके त्याच सुमारास इथले ऊन सायकल चालवणाऱ्याला पहाटे उठायला भाग पाडू लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पाचला घराबाहेर आणि साडेसातला घरात, याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो तास परत जातो, पण तोवर हवेत गारवा आलेला असतो आणि सहा-साडेसहाला निघाले तरी चालते.

माझा रस्ता ठरलेला आहे : ममुराबादवरून विदगावला तापीच्या पुलापर्यंत आणि परत. या रस्त्यावर वाळूचे डंपर असतात आणि ओल्या वाळूतून ठिबकणारे पाणी डांबरावर बारीक रेघ ओढत जाते. अशी ताजी रेघ दिसली की पुढे डंपर आहे हे ओळखून मी सरळ थांबतो आणि त्याला लांब जाऊ देतो, कारण त्याच्यामागून उडणारी वाळू चष्मा असला तरी डोळ्यांत जाते. सायकल चालवताना अडलेला कोड सुटतो असे बरेच जण सांगतात. माझ्या बाबतीत तसे कधी झालेले नाही. या रस्त्यावर सगळे लक्ष खड्ड्यांकडेच द्यावे लागते. माझा फायदा वेगळा आहे. पूर्वी मीटिंग संपल्यावर मी ‘एवढे एक पाहून घेतो’ म्हणत रात्री एकपर्यंत बसत असे. आता पहाटे साडेचारचा गजर लावलेला असतो, त्यामुळे दहाच्या आत लॅपटॉप मिटतो आणि अर्धवट राहिलेले काम अर्धवटच राहते.

यावल–रावेर पट्ट्यातून

माझे काम शेतीसाठीच्या ॲपचे आहे आणि त्यामुळे माझा कामाचा प्रवास विमानाने नव्हे, तर केळीच्या बागांतून होतो. चाचणीच्या दिवसांत मी फैजपूरला मुक्काम करून सायकलीने शेतकऱ्यांकडे जात असे, कारण दोन बागांमधल्या गाडरस्त्यावर चारचाकी अडकते आणि मोटारसायकलवरून गेलेला माणूस वसुलीला आला आहे, असे वाटून लोक मोजकेच बोलतात. सायकल बांधाला टेकवून उतरले की आधी पाणी विचारतात आणि मग बोलणे सुरू होते.

पहिल्याच आठवड्यात आमची चूक कळली. आमच्या शहरातल्या टीमने लागवडीसाठी ‘जून’ आणि ‘ऑक्टोबर’ असे दोन पर्याय दिले होते. एका बाजेवर बसून फोन चाळणारे अप्पा शांतपणे म्हणाले, “भाऊ, याच्यात माझा कांदेबाग कुठं आहे?” इथे जून-जुलैच्या लागवडीला मृगबाग आणि पावसाळा सरतानाच्या लागवडीला कांदेबाग म्हणतात. मी ‘कांदेबाग’ हा शब्द कळवल्यावर टीममधल्या एका मुलाने पिकांच्या यादीत कांदा घालून पाठवला. तो नागपूरचा असल्याने यात त्याचा काही दोष नव्हता. विक्रीच्या पानावर नवती आणि पिलबाग यांचे भाव वेगळे दाखवायला हवेत, हेही बागेत उभे राहिल्यावरच समजले, कारण एका खोडाचा पहिला घड आणि त्याच्या पिलाचा घड यांना व्यापारी सारखा भाव देत नाही. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला हे मात्र प्रत्येकाला आमच्या ॲपच्या आधी ठाऊक असे.

दुसरी अडचण निव्वळ अक्षरांची होती आणि ती इथे मुद्दाम लिहितो, कारण मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाला ती येणार आहे. शेतकरी आपल्या शेतांना नावे देतात : नाल्यावरचे, सड्यावरचे, गोऱ्याचा मळा. यातला ‘गोऱ्याचा मळा’ शोधला की कधी सापडे, कधी सापडत नसे. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर काही कीबोर्ड नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असलेला ‘ऱ’ वापरून लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असे लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणाच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे सारखी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने, एकत्र ‘ऱ’ आणि ‘र’ अधिक नुक्ता ही दोन रूपे एक होतात, परंतु जोडचिन्हाचे रूप तसेच राहते. ते आम्हाला साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागले. हे काम अवघ्या सहा ओळींचे होते, पण त्या सहा ओळी लिहायला मला तीन वेळा त्याच मळ्यात जाऊन त्याच माणसाचा फोन हातात घ्यावा लागला.

धुळ्याहून

मी देवपूरला राहते आणि सकाळी नकाणे तलावापर्यंत किंवा रविवारी लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते. एकटी बाई हेल्मेट घालून महामार्गावर, या गोष्टीची घरच्यांना आणि रस्त्यावरच्या टपरीवाल्यांना सवय व्हायला साधारण वर्ष लागले. ज्या आठवड्यात सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे असते, त्या आठवड्यात लॅपटॉप पाठीवर असतो. अशाच एका रविवारी लळिंगजवळ फोन वाजू लागला. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदींच्या, फायलींनी डिस्क भरून ग्राहकांचे व्यवहार अडकले होते. टपरीच्या बाकावर बसून फोनच्या इंटरनेटवर मी जुन्या लॉग फायली हलवल्या, सेवा पुन्हा सुरू केली आणि व्यवहार वाहू लागेपर्यंत थांबले. एकूण चाळीस मिनिटे गेली. टपरीवरच्या काकूंनी तोवर रस्त्याकडेची सायकल स्वतः उचलून सावलीत नेली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. ज्यांना एकटीने जाण्याची भीती वाटते, त्या मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे की रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जावे. वाटेवरची माणसे आपल्याला ओळखू लागतात.

एक व्यावहारिक सूचनाही देते. पावसाळ्यानंतर इथल्या रस्त्यांच्या कडेला सराटे पसरतात. सराट्याचे भोक इतके बारीक असते की हवा दोन-तीन तासांनी जाते, म्हणून घरी आल्यावर टायरवरून ओले फडके फिरवून काटे काढून टाकावेत.

शहाद्याहून

थोडक्यात लिहितो. वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या सुट्टीत, तोरणमाळ चढतो. सात पायऱ्यांच्या घाटात मोबाईलची रेंज वारंवार जाते आणि माझ्या नोकरीत असे तास इतरत्र कुठेही मिळत नाहीत. यशवंत तलावाच्या काठी पोहोचेपर्यंत पायांत काही उरत नाही. उतरताना ब्रेक तापतात, त्यामुळे थांबत थांबत उतरावे.

अमळनेरहून

आमच्या गावाचे नाव या विषयात यायलाच हवे. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथेच, अमळनेरात, वनस्पती तुपाच्या उद्योगातून झाली. मी पुण्यात कोड लिहितो. सुट्टीत गावी आलो की सायकलीने त्या कारखान्यावरून जातो आणि प्रत्येक वेळी मनापासून अभिमान वाटतो.

भुसावळहून

माझी कंपनी महिन्यातून दोन आठवडे पुण्यात बोलावते आणि तो सगळा प्रवास मी रेल्वेने करतो. चाळीसगाव ओलांडले की नेटवर्क जाते-येते. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनात कमिट, म्हणजे बदलाची नोंद, आपल्याच यंत्रावर होत असल्याने त्याचे काही बिघडत नाही. बदल गाडीत लिहून ठेवायचे आणि मनमाडला गाडी थांबली की वर पाठवायचे, असा माझा शिरस्ता आहे. एकदा गडबडीत टेस्ट न चालवताच मनमाडहून बदल पाठवले आणि कोपरगाव येईपर्यंत सगळ्यांचे बिल्ड पडले, म्हणजे कोणाच्याच कोडमधून चालणारे सॉफ्टवेअर तयार होईना. तेव्हापासून टेस्ट पूर्ण झाल्याखेरीज पाठवणे बंद केले आहे, मग मनमाड गेले तरी चालेल.

उरलेले दोन आठवडे सायकलीचे असतात आणि त्यात वडिलांचा वाटा मोठा आहे. ते रेल्वेत होते आणि निवृत्त होईपर्यंत मागे कॅरिअर लावलेल्या काळ्या सायकलीने, डबा अडकवून, लोको शेडला जात असत. मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीसाठी, नाव दिले, तेव्हा साडेतेरा तासांत हे अंतर संपवायचे असते, हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला तो चेनचा. त्या रात्री मी आठची मीटिंग करत असताना ते अंगणात बल्ब ओढून बसले होते. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशने त्यांनी चेनची एकेक कडी घासली, कोरड्या फडक्याने पुसली आणि प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. मीटिंग संपवून मी बाहेर आलो, तेव्हा ते मागचे चाक हाताने उलटे फिरवून कान देऊन ऐकत होते. “आता आवाज नाही,” ते म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.