रोजचा प्रवास स्वस्त कुठे, लंडन की बर्लिन?

स्ट्रॅटफर्डकर
बर्लिनचा मित्र परवा म्हणाला, "तुम्ही लंडनवाले ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) लुटले जाता." मला नाही पटत. २०२५ चे दर बघा: बस १.७५ पौंड, अंतर कितीही, तासाभरात कितीही बसा बदला. झोन १-२ मध्ये (शहराचा मधला भाग; झोनचा आकडा वाढतो तसं भाडं वाढतं) ट्यूबने दिवसभर हिंडलं तरी ८.९० च्या वर कापत नाहीत. मी आठवड्याला तीनच दिवस ऑफिसला जातो. घरी बसलो की खर्च शून्य. पासाचं लोढणं हवंय कशाला?

श्प्रेकाठी
अहो, हिशेब तर करा! गर्दीच्या वेळी एक फेरी ३.५०, म्हणजे दिवसाचे ७. महिन्याचे बारा-तेरा दिवस धरा, ८४-९१ पौंड गेले. आमचं डॉइचलांडटिकेट (जर्मनीभर साध्या गाड्या, बस, मेट्रोला चालणारा महिन्याचा पास) २०२५ मध्ये ५८ युरोचं, म्हणजे तुमचे पन्नासेक पौंड. आणि ते फक्त ऑफिसपुरतं नाही. मागच्या शनिवारी त्यावरच ड्रेस्डेन गाठलं. त्यावर आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही, त्यामुळे एल्स्टरवेर्डाला गाडी बदलून रखडत गेलो, पण वेगळा एक सेंट दिला नाही.

स्ट्रॅटफर्डकर
मे २०२३ मध्ये ४९ होतं, २०२५ मध्ये ५८, जानेवारी २०२६ पासून ६३. तेही सांगा की!

पाहुण्यांची_सून
तुम्ही दोघंही नोकरदारांचंच बोलताय. सासू-सासरे पुण्याहून आठ दिवसांसाठी बर्लिनला आले. ते टिकेट महिन्याचं, शिवाय १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे. म्हणून २०२५ च्या दराने ३.८० युरोची सुटी तिकिटं घेतली. बाबांनी दोन्ही तिकिटं पाकिटात जपून ठेवली, कोरी करकरीत. फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा असतो हे सांगायला मीच विसरले. तपासनीस आला, माणशी ६० युरो भुर्दंड! स्टेशनात फाटकच नाही, तर अडवणार कोण? लंडनमध्ये निदान दारातच कळतं. फक्त तिथे माणसागणिक वेगळं कार्ड लागतं.

हॅरोचा_भाडेकरू
झोन २ मध्ये राहणाऱ्यांनी स्वस्ताईच्या गप्पा मारू नयेत. तिथली घरभाडी परवडत नाहीत म्हणून तर आम्ही झोन ५ मध्ये. बर्लिनमध्ये शहराच्या टोकाला राहिलं तरी पास तोच, दाम तोच. मी बर्लिनच्या बाजूने.

स्ट्रॅटफर्डकर
हा मुद्दा मान्य, मी माझ्या घरापुरतं मोजलं. पण हॅरोकर, तुमचं ऑफिस झोन १ च्या बाहेर आहे का? असेल तर झोन १ टाळून जा आणि गाडी बदलताना स्टेशनातल्या गुलाबी यंत्रावर (तुमचा मार्ग नोंदवणाऱ्या) कार्ड टेकवत जा, झोन १ चे पैसे वाचतील.